पाठीवरचा बर्फ

सह्याद्रीत सॅक पाठीला लावून हिंडणाऱ्यांत दोन पंथ आहेत: बर्फवादी आणि फडकेवादी. तिसरा पंथ ‘मिळेल ते पिऊ’ म्हणणाऱ्यांचा. पण त्यांच्यामुळे भांडणाला काहीच रंग चढत नाही, म्हणून ते राहू देत.

आमच्यातला बर्फवादी मुंबईचा. शेवटच्या कसारा लोकलमध्ये तो शिरतो तोच थर्माकोलचा खोका छातीशी कवटाळून. आत दगड झालेल्या बाटल्या आणि त्यांच्या मधोमध, नवरदेवासारखा, श्रीखंडाचा डबा. एक किलो बर्फ वितळताना ऐंशी किलोकॅलरी उष्णता शोषतो, हे तो दारात उभ्या असलेल्या अनोळखी माणसालाही सांगतो. तो किलो वर चढवताना वाहणाऱ्याचं काय काय वितळतं, त्याचा हिशेब मात्र कुणीच मांडत नाही. त्यात गोठलेल्या बाटलीला वेळेचं भान नसतं. पाचनईहून हरिश्चंद्रगड चढताना घशाला कोरड पडावी, बाटली तोंडाला लावावी, तर दोन घोट पाणी येतं आणि उरलेला गोळा आत नुसता खडखडतो. मग ती हलवा, मांडीवर आपटा, काखेत धरा. बाहेरून तिला घाम फुटतो तो वेगळाच, आणि तो सॅकेत झिरपत झिरपत नेमका कोरड्या मोज्यांपर्यंत पोचतो.

फडकेवादी नागपूरचा, कूलरच्या वाळ्याच्या वासात वाढलेला. बाटलीला ओला सुती पंचा गुंडाळायचा आणि ती सावलीत, वाऱ्याच्या तोंडाला टांगायची. पाण्याची वाफ होताना ते बाटलीतली उष्णता घेऊन जातं, बस. ग्रॅमला ग्रॅम लावला तर वाफ होणारं पाणी वितळणाऱ्या बर्फाच्या सातपट उष्णता ओढतं, हा त्याचा हुकमी एक्का. ट्रकला लटकणारी कॅनव्हासची छागळ याच न्यायाने गार राहायची. मार्चच्या कोरड्या वाऱ्यात त्याचं म्हणणं अगदी खरं ठरतं. पण मे महिन्यात कोकणातून घाट चढायला लागलं की हवाच इतकी दमट, की पंचा वाळायचं नाव घेत नाही. पाणी कोमट ते कोमटच, वर पंच्याला कुबट वास. “नागपूरचा कूलर मुंबईत लावलास की असंच होणार,” हे वाक्य बर्फवादी अशा वेळी दर वळणावर ऐकवतो.

मला विचाराल तर, ज्याला गारवा लागतो ते गडावर न्यावंच कशाला? दुधात कणीक भिजवून केलेल्या दशम्या आणि कोरडी लसणाची चटणी दोन दिवस कुणाची मनधरणी न करता टिकते. पण हे मी मोठ्याने म्हटलं की दोन्ही पंथ एक होतात.

गेल्या उन्हाळ्यात वर मंदिरापाशी पोचेपर्यंत श्रीखंडाचं पियुष झालं होतं. फडकेवाद्याने तत्त्व बाजूला ठेवून ते दोन पेले प्यायलं. बर्फवादी मात्र ताकवाल्या मावशींच्या झापाखाली जाऊन बसला. सावलीत मडकं, मडक्याला ओलं गोणपाट. ताक दाताला कळ लावणारं.

“बघ, फडकं!” नागपूरकर ओरडला.

मावशींचं लक्ष खोक्याकडे. त्यांनी झाकण उघडून आत हात घातला, कडा दाबून पाहिल्या.

“किती जाड हाये हो! ऊब चांगली धरंल. देऊन जाता का? कोंबडी बसवायचीय.”