निरंक

परवा एका सरकारी कार्यालयाचं संकेतस्थळ उघडलं. तळाला 'शेवटचे अद्ययावत' म्हणून त्याच दिवसाची तारीख. (ती रोज आपोआप बदलते, हे मागाहून कळलं.) '१७ मुद्द्यांची माहिती' वर बोट ठेवलं, तर स्कॅन केलेली, किंचित तिरकी पीडीएफ. अनुदानाचे लाभार्थी : निरंक. सवलती मिळालेल्यांचा तपशील : निरंक.

हे १७ मुद्दे म्हणजे माहिती अधिकार कायद्याचं कलम ४. कायदा झाल्यापासून १२० दिवसांत प्रत्येक कार्यालयानं आपला कारभार स्वतःहून मांडायचा, म्हणजे लोकांना अर्ज करायची वेळच फारशी येऊ नये, असा २००५ सालचा शब्द. वीस वर्षं उलटली. आपण अजून अर्जावर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट चिकटवतोय.

शब्द पाळला की नाही, हे तपासायचं कुणी? २०११ मध्ये आठ देशांनी 'ओपन गव्हर्न्मेंट पार्टनरशिप' काढली. सरकारनं आश्वासनांचा आराखडा द्यायचा, गुण बाहेरच्या स्वतंत्र परीक्षकानं द्यायचे. सुरुवातीच्या बोलण्यांत भारत होता. ऐन मुहूर्तावर मांडवातून उठला. परीक्षकाचंच वावडं होतं, असं सांगतात. ब्राझील, मेक्सिको, इंडोनेशिया, फिलिपिन्स बसले परीक्षेला. तेव्हाचं सरकार वेगळं, आत्ताचं वेगळं. पण परत मांडवात जावं असं कुणालाच वाटलं नाही. या बाबतीत दोघांचं गोत्र एकच.

म्हणजे आपल्याकडे तपासणी नाही, असं नव्हे. केंद्राच्या सूचनांनुसार कलम ४ चं दरवर्षी 'त्रयस्थ' लेखापरीक्षण होतं. त्रयस्थ कोण? तर त्या त्या मंत्रालयाच्या अखत्यारीतली प्रशिक्षण संस्था. सुनेच्या स्वयंपाकाला सासूनं गुण द्यावेत तसं म्हणणार होतो, पण सासू कडक असते.

दरम्यान २०२३ च्या विदा संरक्षण कायद्यानं माहिती अधिकारातलं एक वाक्य खोडून टाकलं : जी माहिती संसदेला नाकारता येत नाही, ती नागरिकालाही नाकारता येणार नाही. खोडायला मात्र १२० दिवसांची मुदत वगैरे लागली नाही.

असो. पीडीएफमध्ये जन माहिती अधिकाऱ्यांचा मोबाइल नंबर होता. लावला. लगेच उचलला, हे विशेष.

"मी रिटायर होऊन सहा वर्षं झाली हो," साहेब म्हणाले. मागे नातू रडत होता. "अजून माझंच नाव आहे?"

"तुमचंच."

"बरं, माहिती मिळाली का तुम्हाला?"

"निरंक."

"हां, तो शब्द मीच टाकला होता," ते म्हणाले.