नारळ मिळावा तर असा!

12 नोव्हेंबर 2023 च्या रविवारी टेक्सासमधल्या कॉलेज स्टेशन या गावी टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या जिम्बो फिशर या अमेरिकन फुटबॉल प्रशिक्षकांना नारळ मिळाला. आदल्याच रात्री त्यांच्या संघाने मिसिसिपी स्टेट विद्यापीठाला 51-10 असं धुऊन काढलं होतं. जिंकूनही नोकरी गेली, म्हणून हळहळू नका. विद्यापीठ त्यांना साडेसात कोटी डॉलरहून जास्त देणं लागत होतं. तेव्हाच्या दराने सव्वासहाशे कोटी रुपयांच्या वर, आणि तेही यापुढे न शिकवण्याबद्दल!

विद्यापीठाची तगमगही समजून घ्या. मैदानात लाखाच्या वर माणसं बसतात, पण राष्ट्रीय विजेतेपद शेवटचं आलं ते 1939 साली. म्हणून फ्लोरिडा स्टेटला विजेतेपद मिळवून देणाऱ्या फिशरसाहेबांना 2017 च्या अखेरीस वाजतगाजत आणलं. दहा वर्षं, साडेसात कोटी डॉलर, पै न् पै हमीची. कुलपती जॉन शार्प यांनी तर त्यांना विजेतेपदाची पाटीच भेट दिली. साल तेवढं अर्धवट: ‘20’ कोरलेलं, पुढचे दोन आकडे साहेबांनी भरायचे. तुरी अजून बाजारातच होत्या.

2020 च्या मोसमात संघ देशात चौथा आला. या पराक्रमाने भारावून विद्यापीठाने करार 2031 पर्यंत वाढवला आणि पगार वर्षाला नव्वद लाख डॉलरपर्यंत नेला. 2022 मध्ये देशभरातली नावाजलेली पोरं गोळा केली. त्याच मोसमात घरच्या मैदानावर ॲपलाचियन स्टेट या फारशा न नावाजलेल्या संघाने 17-14 असं लोळवलं. वर्षअखेर पाच विजय, सात पराभव. पाटी कोरी ती कोरीच.

करारातली खरी गोम पुढे आहे. हकालपट्टीनंतर साहेबांनी दुसरीकडे नोकरी धरली तरी इकडचा छदामही कापायचा नाही! आणि मैदानात हाडं मोडून घेणारी पोरं? त्यांना 2021 पर्यंत जाहिरातीचा एक डॉलरही घ्यायला बंदी होती. पैशाने हौशी खेळाचं पावित्र्य बिघडतं ना!

फिशरना आणणारे क्रीडासंचालक स्कॉट वुडवर्ड पुढे लुइझियाना स्टेटला गेले. अनुभवातून माणूस शिकतो. 2021 मध्ये त्यांनी प्रशिक्षक ब्रायन केली यांना दहा वर्षांसाठी साडेनऊ कोटी डॉलरला आणलं. ऑक्टोबर 2025 मध्ये केलींनाही नारळ मिळाला. देणं पाच कोटी डॉलरच्या वर. ज्या सामन्याने त्यांचा घात केला, तो जिंकला कोणी? टेक्सास ए अँड एमने! चार दिवसांत वुडवर्डही घरी गेले.

फिशरसाहेब मात्र हल्ली टीव्हीवर दिसतात. कोणाचा संघ कुठे चुकतोय, ते समजावून सांगतात. या विषयातला त्यांचा अधिकार सव्वासहाशे कोटींचा आहे.