गाडीला हळद लागते

भुसावळहून यावल वीस किलोमीटरच्या आतबाहेर. मध्ये तापी आणि पलीकडे नजर जाईल तिथवर केळी. एवढ्याशा अंतरात गाडी बंद पाडायला कसब लागतं. माझ्या सासऱ्यांकडे, म्हणजे मामांकडे, ते आहे, शिवाय १९८९ची प्रीमियर पद्मिनीही आहे. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून उतरली, त्या दिवशी मामांनी पेपरची घडी घातली आणि म्हणाले, "आता आपलीच." स्पर्धेत पहिले आल्याचा आनंद होता तो.

तर मे महिना, खानदेशातलं ऊन, आणि आम्ही मनुदेवीला निघालेलो. आडगावच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी देवी आहे. सासूबाईंच्या मांडीवर पूजेची पिशवी. मी पुण्याचा जावई, म्हणून पुढच्या सीटवर. म्हणजे इंजिनाच्या उकाड्याचा पहिला मानही माझाच.

तापीचा पूल मागे पडला आणि बॉनेटच्या फटींतून वाफ यायला लागली. मामांनी एका निंबाखाली गाडी घेतली. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. दोन मिनिटांत सात जण जमले.

"ऊन लई ना भाऊ," पहिला. "पंख्याचा पट्टा ढिला असंन," दुसरा. तिसऱ्याने काही न विचारता टायरला लाथ मारून पाहिली. मामा रेडिएटरचं झाकण उघडायला निघाले, तेव्हा केळीच्या ट्रकमधून उतरलेल्या ड्रायव्हरने त्यांचा हात धरला. तापलेल्या रेडिएटरचं झाकण म्हणजे शिटी न झालेला कुकर. उघडलं की उकळतं पाणी थेट तोंडावर. मग वाकून त्याने खाली पाहिलं. डांबरावर थेंब पडत होते.

"गयून राह्यलं. हयद आहे का हयद?"

मला 'हृदय' ऐकू आलं. इकडे 'ळ'चा 'य' होतो, केळीची केयी होते, हे लग्नाला आठ वर्षं झाली तरी ऐन वेळी आठवत नाही. सासूबाईंनी मात्र पिशवीतून हळदीची पुडी काढली. गाडी निवाल्यावर पाण्याबरोबर ती अख्खी पुडी रेडिएटरमध्ये गेली. ड्रायव्हर लोकांचा हा जुना तोडगा खोटा नाही. पाण्याबरोबर हळदीचे कण तड्यापर्यंत येतात, फुगतात आणि अडकून बसतात. गळती थांबली. मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, की तुमच्या पुण्यात आहे का हे!

यावलच्या वेशीवर हळदीचं बूच उडालं. काचेवर पिवळं कारंजं. लग्नसराईचे दिवस, रस्त्याकडेच्या रसवंतीवरून कोणीतरी विचारलं, "नवरदेव कोन्ता?"

मिस्तरीचं दुकान म्हणजे पत्र्याचं छप्पर, अर्धा कापलेला ड्रम आणि भिंतीला टेकवलेले डझनभर रेडिएटर. मिस्तरी साठीचे. आल्या आल्या त्यांनी काहीच केलं नाही, आणि त्या दिवशी असं करणारे ते पहिलेच. इंजिन थंड होईपर्यंत चहा मागवला. मग ऑइलची पट्टी ओढून पाहिली. ऑइल दुधाळ झालेलं नव्हतं. झाकण उघडं ठेवून गाडी चालू केली. पाण्यात बुडबुडे नव्हते. "हेड गॅस्केट चांगलंय," ते म्हणाले, "देवीची कृपा." मग वरच्या टाकीच्या सांध्याशी बोट फिरवलं, हिरवट-पांढरी रेघ मामांना दाखवली आणि विचारलं, "कव्हापासून गयते?"

"आजच," मामा म्हणाले.

"हा डाग सहा महिन्यांचा आहे."

मामा रसवंतीकडे पाहू लागले.

रेडिएटर खाली उतरला. एक तोंड सोडून सगळी बंद, त्या एका तोंडाला सायकलचा पंप, आणि अख्खा रेडिएटर ड्रमच्या पाण्यात. टाकी जिथे जाळीला जोडलेली असते, तिथून मोत्यांसारखे बुडबुडे निघाले. तडा नखाएवढा! खड्ड्यांचे हादरे आणि पस्तीस वर्षांचं तापणं-निवणं, जुना सांधा आणखी काय करणार? मिस्तरींनी ती जागा तारेच्या ब्रशने घासून लखलखीत केली, तेजाब लावलं, तांब्याच्या टोकाची सळई तापवली आणि डाग दिला. वितळलेली झाळ तड्यात अशी सरकली, जसं मांजर उबेला शिरावं. तांब्या-पितळेचं हे सुख आहे. नव्या गाड्यांच्या रेडिएटरला प्लॅस्टिकच्या टाक्या. त्या तडकल्या की डाग कशाला देणार?

डाग द्यायला लागली वीस मिनिटं, हळद काढायला दीड तास. जाळीतल्या बारीक नळ्यांत ती आधीच्या बोअरच्या पाण्यातल्या क्षारांना बिलगून बसली होती. मिस्तरी खालच्या तोंडातून पाण्याचा जोर सोडत होते आणि वरून पिवळं पाणी येतच होतं.

"किती टाकली?"

"पुडी."

"चिमूटभर टाकतात, ताई. हे तर वरण झालं."

चारशे रुपये झाले. शेवभाजी खाऊन निघालो. पुढे चढावरही गाडी तापली नाही, याचं श्रेय मामांनी आजतागायत ड्रायव्हिंगला दिलंय. देवळात पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. सासूबाईंनी ताट मांडलं आणि पिशवीत हात घालून बराच वेळ चाचपत राहिल्या.

त्या दिवशी मनुदेवीला आम्ही नुसतंच कुंकू वाहिलं.