रेकॉर्डवाले : बीड जिल्ह्यातील एका वर्गाचा परिचय

बीड जिल्ह्याच्या अकराही तालुक्यांत, एसटी स्थानकासमोरच्या हॉटेलापासून कृषी सेवा केंद्राच्या ओट्यापर्यंत कोठेही बसलेला आढळणारा, आणि तरीही जनगणनेच्या कोणत्याही रकान्यात वेगळा न मोजला गेलेला जो एक गृहस्थ आहे, त्यास लोकव्यवहारात ‘रेकॉर्डवाले’ असे म्हणतात. हा गृहस्थ बहुधा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक असतो, कधी बियाणे-खतांचा दुकानदार असतो, आणि खेळाडू मात्र जवळपास कधीच नसतो. किंबहुना स्वतः मैदानात न उतरणे ही या वर्गाची पहिली पात्रता मानावी लागते, कारण जो खेळला त्यास आपले दोन-तीन सामने जन्मभर पुरतात आणि इतरांच्या पराक्रमाचा हिशेब ठेवण्याची गरज त्यास भासत नाही. वयोमानाप्रमाणे त्यास कोणी ‘सर’ म्हणते, कोणी ‘नाना’, कोणी ‘आप्पा’, परंतु “काय नाना, आज कुणाचं मोडलं?” हा प्रश्न मात्र सर्वत्र एकाच सुरात विचारला जातो आणि चहाचे पैसे कोणी द्यायचे हे त्या क्षणी ठरून जाते.

या वर्गाचे मुख्य साधन म्हणजे व्यापारी लोक रोजमेळासाठी वापरतात ती लाल कापडी बांधणीची लांब वही. तीत अनुक्रमांक, नाव, आकडा, साल आणि शेरा असे पाच रकाने आखलेले असतात, आणि पहिले चार रकाने बोटभर रुंदीचे ठेवून उरलेले सारे पान शेऱ्यास दिलेले असते, यातच त्या विद्येचे मर्म आहे. सामान्य क्रीडाप्रेमी आकड्यावर थांबतो, तर रेकॉर्डवाल्याच्या लेखी आकडा हे शेरा लिहिण्यासाठी मिळालेले निमित्त होय. एखाद्याने प्रणव धनावडेचे नाव काढावे, जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या आंतरशालेय सामन्यात या मुलाने नाबाद १००९ धावा करून ए. ई. जे. कॉलिन्सचा १८९९ सालचा नाबाद ६२८ धावांचा विक्रम मोडला हे सांगावे, आणि रेकॉर्डवाल्याने मान डोलावून, घोटभर चहा घेऊन, “पण...” असा उच्चार करावा, हा क्रम ठरलेला आहे. त्या ‘पण’नंतर सीमारेषा किती जवळ होती, समोरची पोरे कोण होती, याची चौकशी सुरू होते.

या वर्गाचे आराध्यदैवत कोण, याविषयी बाहेरच्या माणसाचा तर्क हमखास चुकतो. ते सचिन तेंडुलकर नव्हेत, ज्यांनी सर्व काही मिळवले त्यांच्याविषयी शेऱ्यात लिहिण्यासारखे फारसे उरत नाही; ते स्थान भाऊसाहेब निंबाळकरांचे आहे. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्याच्या पूना क्लबच्या मैदानावर, रणजी करंडकाच्या सामन्यात, महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध खेळताना निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद होते आणि प्रथम श्रेणी क्रिकेटमधील, म्हणजे रणजी व कसोटीसारख्या अनेक दिवसांच्या अधिकृत सामन्यांमधील, डॉन ब्रॅडमन यांचा त्या काळचा सर्वोच्च नाबाद ४५२ धावांचा उच्चांक त्यांच्यापासून अवघ्या नऊ धावांवर होता. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा झालेल्या पाहून काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकूरसाहेब, यांनी विश्रांतीच्या वेळी सामना सोडून दिला आणि आपल्या संघासह मैदान गाठलेच नाही. निंबाळकरांना पुढे एकही कसोटी सामना खेळावयास मिळाला नाही. ही हकीकत रेकॉर्डवाला वर्षातून अनेकदा सांगतो, आणि प्रत्येक वेळी ठाकूरसाहेबांवर तोच राग, तितक्याच ताजेपणाने, काढतो. निंबाळकरांना आणखी दहा धावा काढू दिल्या असत्या तर मात्र हा परिच्छेद वहीत एका ओळीत आटोपला असता आणि चहाच्या एका बैठकीचे कायमचे नुकसान झाले असते, हे तो स्वतःशीही कबूल करणार नाही.

त्याच न्यायाने सांगलीचे विजय हजारे त्याच्या वहीत आहेत, परंतु शेरा आहे तो त्यांचे बंधू विवेक हजारे यांच्यावर. १९४३-४४ च्या पंचरंगी स्पर्धेत ‘रेस्ट’ संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या विजय हजाऱ्यांनी काढल्या, दोघा भावांनी मिळून ३०० धावांची भागी केली, तीत विवेक यांचा वाटा २१ धावांचा होता, आणि एवढे होऊनही संघ डावाने हरला. “एकवीस काढून तीनशेचा भागीदार! ह्याला म्हणतात भाऊ,” असा अभिप्राय देऊन रेकॉर्डवाला समोर बसलेल्या, शेताच्या वाटणीवरून भावाशी बोलणे टाकलेल्या माणसाकडे जरा रोखून पाहतो.

या विद्येवर अलीकडे जे मोठे संकट आले ते मोबाइलचे. पूर्वी सुनील गावसकरांची शतके किती, यावर माजलगावात दोन दिवस वाद चाले आणि तिसऱ्या दिवशी वही आणून तो मिटवला जाई. आता चहा आणून देणारा पोरगा ओल्या हाताने पडद्यावर बोट फिरवतो आणि चौतीस हे उत्तर कपाच्या आधी टेबलावर येते. अशा प्रसंगी दुसरा एखादा विद्वान निवृत्त झाला असता. रेकॉर्डवाल्याने मात्र परिस्थितीचा नीट अभ्यास करून असा निष्कर्ष काढला की मोबाइलला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर येते, काय विचारावे हे त्यास आपणहून सुचत नाही. तेव्हा जो खेळ समोरच्या कोणासही ठाऊक नाही त्यातील विक्रम गाठीशी बांधले म्हणजे पुढील वीस वर्षांची बेगमी झाली. अशा रीतीने, आणि अन्य कोणत्याही सांस्कृतिक कारणाशिवाय, अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलचा इतिहास बालाघाटाच्या डोंगररांगेपर्यंत येऊन पोहोचला. शालेय क्रीडा स्पर्धांमुळे या खेळाचे नाव जिल्ह्यात नवे नव्हते, परंतु त्याची कीर्ती चेंडूपेक्षा प्रमाणपत्रावर आणि दहावी-बारावीला मिळणाऱ्या सवलतीच्या गुणांवर अधिक आधारलेली होती.

बेसबॉलने या वर्गाची निराशा केली नाही. शेरा लिहिण्याजोगे विक्रम इतक्या दाट वस्तीने दुसऱ्या कोणत्याच खेळात राहत नाहीत, हे मत या बाबतीत तरी ग्राह्य धरावे लागते. या खेळात चेंडू टाकणाऱ्यास पिचर म्हणतात. दोन्ही संघांचे तीन-तीन फलंदाज बाद झाले की एक डाव पुरा होतो, असे नऊ डाव खेळले जातात आणि बरोबरी राहिल्यास डाव वाढत जातात. ज्या पिचरने समोरच्या एकाही फलंदाजास पहिल्या तळापर्यंत पोहोचू दिले नाही, त्याची कामगिरी निर्दोष समजली जाते. २६ मे १९५९ रोजी पिट्सबर्गच्या हार्वी हॅडिक्सने मिल्वॉकीविरुद्ध सलग बारा डाव, म्हणजे ओळीने छत्तीस फलंदाज, निर्दोष बाद केले. परंतु त्याच्या संघास एकही धाव काढता न आल्यामुळे सामना तेराव्या डावात गेला आणि तेथे तो ०-१ असा हरला. ती धावही सरळ झाली नाही. जो ॲडकॉकने चेंडू कुंपणापलीकडे मारला, परंतु पुढे धावणाऱ्या हँक ॲरनला त्याने वाटेत ओलांडल्यामुळे त्याचा फटका दोन तळांपुरताच धरण्यात आला. याउपर १९९१ साली बेसबॉलच्या आकडेवारी समितीने व्याख्या बदलली आणि हॅडिक्सचे नाव त्या मानाच्या यादीतूनच गाळले. हे ऐकून केजच्या बाजूचा एखादा श्रोता, “अन् मग त्याला भेटलं काय?” असे विचारतो, आणि रेकॉर्डवाला, आयुष्यभर ज्या वाक्याची वाट पाहिली ते वाक्य उच्चारावे तशा तृप्तीने, “काही न्हाई,” असे सांगतो.

श्रोत्यांकडून येणारी दाद मात्र नेहमीच अपेक्षित दिशेने येत नाही, ही या विद्येची व्यावहारिक अडचण आहे. ४ ऑगस्ट १९८२ रोजी जोएल यंगब्लड हा खेळाडू दुपारी शिकागोत न्यूयॉर्क मेट्सकडून खेळला, सामना चालू असतानाच त्याचा माँट्रियलच्या संघाशी सौदा झाला, आणि त्याच रात्री फिलाडेल्फियात नव्या संघाच्या गणवेशात उतरून त्याने तेथेही यशस्वी फटका मारला; एका दिवसात दोन शहरांत दोन संघांकडून असा पराक्रम करणारा हा पहिलाच. हे सांगून रेकॉर्डवाला थांबला की टेबलाभोवती कोणासही आश्चर्य वाटलेले नसते. “सकाळी एकीकडं, संध्याकाळी दुसरीकडं, ह्यात काय नवल? अर्ज भरायच्या टायमाला या आपल्याकडं,” असे कोणीतरी म्हणते, आणि चर्चा बेसबॉलवरून जी ढळते ती परत येत नाही.

एडी गेडेलच्या कथेस याउलट अनपेक्षित यश लाभले आहे. १९ ऑगस्ट १९५१ रोजी सेंट लुइस ब्राउन्स संघाचे मालक बिल व्हीक यांनी तीन फूट सात इंच उंचीच्या या माणसास फलंदाजीस पाठवले. फलंदाजाच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या पट्ट्याबाहेर चार चेंडू पडले तर त्यास पहिला तळ फुकट मिळतो, आणि गेडेलचा तो पट्टा इतका लहान होता की पिचरचे चारही चेंडू वाया गेले. त्याच्या पाठीवरील क्रमांक एक अष्टमांश होता. आणेवारीने हिस्से मांडलेले जुने सातबारे वाचून डोळे गेलेल्या मंडळींना अपूर्णांकाचे काहीच वाटत नाही. “दोन आणे हिस्सा,” असे त्यांनी तत्काळ सांगितले आणि गेडेल त्या नावाने जिल्ह्यात रुजू झाला. १९८१ साली पॉटकेट आणि रॉचेस्टर यांच्यात झालेला व्यावसायिक बेसबॉलमधील सर्वांत लांब, तेहतीस डावांचा सामनाही असाच आपलासा झाला. तो १८ एप्रिलच्या रात्री सुरू होऊन पहाटे चारनंतर, मैदानात एकोणीस प्रेक्षक उरले असताना, अनिर्णित स्थितीत थांबवावा लागला आणि पुढे २३ जून रोजी अठरा मिनिटांत संपला. “म्हंजे तारीख पडली म्हणा की,” एवढ्या पाच शब्दांत अंबाजोगाईच्या कोर्टात फेऱ्या मारणाऱ्या गृहस्थाने त्याचे सार सांगितले.

स्वतःच्या जिल्ह्याच्या बाबतीत रेकॉर्डवाल्याची अवस्था थोडी अवघडल्यासारखी असते, कारण तेथे ‘पण’ म्हणणे त्यास जड जाते. पाटोद्याचे राहुल आवारे यांनी २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले, त्याचा आनंद त्याने मनापासून केला. तथापि कुस्तीत सेकंद नाहीत, धावा नाहीत, कोणी कोणास चीत केले एवढेच, त्यामुळे वहीत ती नोंद पोरकी पडलेली आहे. खरी धांदल उडवली ती आष्टी तालुक्यातील मांडव्याच्या अविनाश साबळे यांनी. ३००० मीटर स्टीपलचेस ही २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा ओलांडण्याची शर्यत होय, आणि पर्जन्यछायेतील आष्टीच्या माणसाने पाणी ओलांडून पुढे जाण्यात प्रावीण्य मिळवावे हा विरोधाभास शेऱ्यात आधीच टिपलेला आहे. गोपाळ सैनी यांचा १९८१ चा ८ मिनिटे ३०.८८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम ३७ वर्षे अबाधित राहिल्यामुळे वहीत त्यास एकच ओळ दिलेली होती. २०१८ साली साबळ्यांनी भुवनेश्वरला तो ८:२९.८० असा मोडला; पुढच्याच वर्षी दोहा येथील जागतिक स्पर्धेत तीन दिवसांच्या अंतराने दोनदा मोडला, त्यांतला पहिला तर प्राथमिक फेरीत दुसऱ्या धावपटूंचा अडथळा होऊनही, आणि अंतिम फेरीत प्रवेश मिळाला तो भारताने तक्रार केल्यानंतर; टोकियो ऑलिंपिकमध्ये मोडला तेव्हा विक्रम होऊनही अंतिम फेरी हुकली. ओळ संपली, समास संपला, मग डिंकाने चिठ्ठ्या चिकटवल्या गेल्या, आणि २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेनंतर ते पान वहीच्या बाहेर लोंबू लागले. तेथे साबळ्यांची वेळ ८:११.२० होती आणि सुवर्ण जिंकणाऱ्या केनियाच्या अब्राहम किबिवोटची ८:११.१५. हा पाच शतांश सेकंद रेकॉर्डवाल्यास इतका प्रिय आहे की तो किती असतो हे दाखवण्यासाठी चुटकी वाजवून, “ही लई मोठी झाली,” असे तो स्वतःच म्हणतो. जुलै २०२४ मध्ये पॅरिसला ८:०९.९१ अशी वेळ आल्यापासून या पानावरील नोंदी पेन्सिलने केल्या जातात.

तथापि या सर्वांपेक्षा ज्या नोंदीवर त्याचा जीव आहे ती एका विक्रमाची नव्हे, योगायोगाची आहे. संजय बांगर यांचा जन्म बीडचा. २००२ च्या हेडिंग्ले कसोटीत ढगाळ हवेत २३६ चेंडू खेळून ६८ धावा काढणारे आणि राहुल द्रविड यांच्याबरोबर १७० धावांची भागी करणारे हे सलामीवीर देशांतर्गत क्रिकेट खेळले ते रेल्वेच्या संघाकडून. परळीस आगगाडी जुनी असली तरी बीड शहरास रेल्वे नव्हती. अहिल्यानगर-बीड-परळी हा मार्ग १९९५ साली मंजूर होऊनही गाडी यायची होतीच. ज्या गावास रेल्वे नाही त्या गावाने रेल्वेस सलामीवीर पुरवला, असे दुसरे उदाहरण क्रिकेटमध्ये किंवा बेसबॉलमध्ये दाखवा, असे खुले आव्हान रेकॉर्डवाल्याने वर्षानुवर्षे दिले आणि ते कोणी स्वीकारले नाही. १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडहून अहिल्यानगरकडे पहिली गाडी सुटली तेव्हा स्थानकावर उसळलेल्या गर्दीत एकटा तोच विमनस्क उभा असणे स्वाभाविक होते, कारण १९९१ सालच्या त्या अमेरिकन समितीने हॅडिक्सचे काय केले हे तेथे फक्त त्यास ठाऊक होते. घरी येऊन त्याने वही काढली आणि बांगरांच्या नावापुढे, शासन निर्णयाच्या भाषेत, सदर गाडीचे आगमन पूर्वलक्षी प्रभावाने लागू राहणार नाही, असा शेरा मारून खाली सही केली.