पोपटी शिजेतो बारा काळ
(डोलवी आणि पंचक्रोशीतील नवशिक्यांसाठी)

साहित्य : दोनशे पानी वही, बॉलपेन एकच (दोन असली की दोन गोष्टी सुरू होतात), वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, मडकं, अंडी किंवा कोंबडी, ओवा, जाडं मीठ, जाळायला पेंढा आणि पाच-सात माणसं.

माणसं मिश्र वयाची घ्यावीत. महाराष्ट्रात 2000 साली पहिलीपासून इंग्रजी आलं, त्यामुळे तिशीच्या आतल्यांनी त्यातले हे बारा काळ लहानपणीच पाहिलेत आणि सोडूनही दिलेत. त्यांच्याआधीचे पाचवीत एबीसीडी गिरवायला बसलेले. त्यांना तक्ते अजून पाठ आहेत, तोंड उघडायची मात्र बोंब. घरात तर्खडकरांची भाषांतर पाठमाला कोळून प्यायलेले आजोबा असतील तर उत्तमच, पण पेन त्यांच्या हाती सगळ्यात शेवटी द्यावं. आधी दिलं तर पहिल्याच वाक्याला लाल रेघ येते आणि पोरं शेंगा सोलायला निघून जातात.

दिवस ठरवणं हे खरं अवघड काम. जनरल शिफ्टवाला घरी येतो तेव्हा सेकंडवाला कंपनीच्या गेटच्या आत असतो आणि नाइटवाला झोपलेला. जानेवारीतली एखादी संध्याकाळ धरावी आणि जे येतील त्यांच्यावर भागवावं. फोन केल्यावर प्रत्येक जण ‘आलोच’ म्हणेल. त्याची अजून आंघोळ व्हायची असते. होणारी गोष्ट झाली म्हणून सांगायची ही मुभा मराठीत असते. इंग्रजीत ‘आय केम’ म्हटलं की माणूस दारात दिसला पाहिजे. धड्याची सुरुवात इथूनच झाली असं समजा.

कृती : मडक्याच्या तळाला पाला, त्यावर शेंगा, मध्ये केळीच्या पानात बांधलेली कोंबडी, मीठ-ओवा, पुन्हा शेंगा. तोंड पाल्याने गच्च बंद करून मडकं उपडं ठेवा आणि भोवती जाळ करा. तेल नाही, पाणी नाही. अर्धा-पाऊण तास लागतो, तोच आपला तास. वही फिरवायची. प्रत्येकाने एकच वाक्य लिहायचं आणि ते आधीच्याच्या वाक्याला धरून हवं. कुठला काळ वापरायचा हे कुणी सांगायचं नाही.

हा शेवटचा नियम महत्त्वाचा. तक्ता एकट्याने पाठ करता येतो, कारण तक्ता कधी उलट विचारत नाही की ‘मग त्याच्या आधी काय झालं?’ शेजारी बसलेली आत्या विचारते.

विषय चोरीचा घ्या. खारेपाटात घरामागच्या तळ्यात जिताडा मासा पाळलेला असतो, त्यामुळे काय चोरलं यावर वाद होत नाही. आठवीतल्या पोरीने सुरुवात करावी : ‘वन नाइट अ थीफ केम टू अवर पाँड.’ साधा भूतकाळ, एका फटक्यात झालेली गोष्ट. तिच्या दादाने पुढे लिहावं : ‘द डॉग वॉज स्लीपिंग.’ कुत्र्याची झोप आधीपासून चालू आहे आणि चोर मध्येच आला, म्हणून ‘वॉज’ आणि ‘इंग’. इथे आत्याला राहवणार नाही. ‘झोपला कसा? आपला मोत्या पान हललं तरी भुंकतो. कुणीतरी आधीच हाड टाकलं होतं त्याला!’ ते पोरीने उतरवून घ्यावं : ‘समबडी हॅड गिव्हन हिम अ बोन.’ हाड आधी, चोर नंतर. पास्ट पर्फेक्ट हे नाव आत्याने उभ्या जन्मात ऐकलेलं नाही, पण संशय घ्यायला तिला कधी अडचण आली नाही. या काळाला लागतो तो तेवढाच.

एक खड्डा मात्र इथेच आहे. आपण ‘काल पेणला गेलो होतो’ असं सहज म्हणतो आणि त्याचं ‘आय हॅड गॉन टू पेण येस्टरडे’ करून मोकळे होतो. इंग्रज ऐकणारा वाट बघत बसतो की पेणला गेला होता, मग पुढे काय झालं? पुढे काहीच झालं नाही, पापड घेऊन परत आला. अशा वेळी ‘आय वेंट’ पुरे. ‘हॅड’ला मागाहून घडलेली दुसरी गोष्ट लागते, निदान ऐकणाऱ्याच्या मनात तरी.

आता वही काकांकडे येते. ते घाईने लिहितात : ‘आय हॅव ईटन जिताडा येस्टरडे.’ सगळे वर बघतात. ‘हॅव’ आणि ‘येस्टरडे’ एका वाक्यात नांदत नाहीत, तेव्हा दोघांपैकी एकाला बाहेर काढावं लागेल. ‘येस्टरडे’ काढला तर ‘मी आयुष्यात कधीतरी जिताडा खाल्लाय’ एवढंच उरतं. डोलवीत हा गुन्हा नाही. ‘हॅव’ काढून ‘आय एट जिताडा येस्टरडे’ केलं की कबुलीजबाब. ‘आय ईट जिताडा’ म्हणजे सराईत. काकांना विचार करायला वेळ द्यावा, तोवर जाळात पेंढा सारावा.

ही सांघिक लिखाणाची पद्धत आपण काढलेली नाही. 1931 साली लंडनच्या डिटेक्शन क्लबमधल्या लेखकांनी ‘द फ्लोटिंग ॲडमिरल’ ही कादंबरी अशीच लिहिली, एकेकाने एकेक प्रकरण. डोरोथी सेयर्स होत्या, अगाथा ख्रिस्तीही होत्या. नदीवर वाहत आलेल्या होडीत मृतदेह सापडतो. भरती-ओहोटीचा हिशेब धरमतरच्या खाडीवर वाढलेल्या माणसाला लगेच कळेल असा. प्रत्येकाने आधीच्याच्या गुंत्यात भर घातली आणि शेवटचं प्रकरण अँथनी बर्कली यांच्या गळ्यात पडलं. त्यांनी त्याला नाव दिलं ‘क्लिअरिंग अप द मेस’. आपल्याकडे हे काम आजोबांचं.

भविष्यकाळासाठी चोराला हायवेवर काढा. ‘ही विल रीच पनवेल इन वन आवर’ असं कुणी लिहिलं तर व्याकरण बरोबर असूनही वाक्य खोडावं. त्याऐवजी ‘ही विल बी स्टँडिंग ॲट वडखळ नाका’ हा चालू भविष्यकाळ लिहावा. त्याच हायवेच्या पळस्पे ते इंदापूर या 84 किलोमीटरचं चौपदरीकरण 2011 साली सुरू झालं आणि लांबतच गेलं, त्यामुळे पूर्ण भविष्यकाळाचा सराव इथल्या माणसाला पुस्तकाशिवाय झालेला आहे : ‘बाय डिसेंबर दे विल हॅव कम्प्लीटेड द रोड.’ या काळाला ‘बाय’ आणि एक तारीख लागते. तारीख कुठल्या सालची, ते व्याकरण विचारत नाही. चोर नाक्यावरून फोन करून ‘आय ॲम वेटिंग सिन्स मॉर्निंग’ म्हणेल, कारण आपण ‘सकाळपासून वाट बघतोय’ म्हणतो. त्याला ‘आय हॅव बीन वेटिंग’ करून द्यावं. ‘सिन्स’पुढे सुरुवात येते, ‘फॉर’पुढे मुदत : सिन्स 2011, फॉर मेनी इयर्स.

मडक्यावर पाण्याचे थेंब शिंपडून बघा. चर्र झालं आणि पाल्याचा वास सुटला की वही मिटा. आजोबांचा शेवट राहिला तरी चालेल, कारण शेंगा गार झाल्या की मजा जाते. मडकं उघडून वाटप करताना एक तंगडी कमी भरेल. काका शांतपणे म्हणतील, ‘इट हॅज बीन ईटन.’ काळ बिनचूक आहे, शाबासकी द्या. वाक्यात खाणाऱ्याचं नाव का नाही, हा कर्मणी प्रयोगाचा धडा आहे आणि तो पुढच्या हिवाळ्यात, वालाला शेंगा धरल्या की.