नव्वद टक्के सवलतीत अ‍ॅप: नवउद्योजकासाठी पाठ पहिला

डोक्यात कल्पना आहे, खिशात पैसे नाहीत, आणि ‘सरकार नव्वद टक्के देतंय रे’ असं मामेभावाने छातीठोकपणे सांगितलंय, अशा चिखली ते चाकण पट्ट्यातल्या तमाम होतकरूंसाठी ही मार्गदर्शिका आहे. साहित्य: एक लॅपटॉप, एक ब्लेझर, आधार आणि पॅनच्या झेरॉक्स, पासपोर्ट आकाराचे फोटो (योजना कितीही डिजिटल असो, फोटो लागतातच) आणि घरच्यांना सांगायला एक तारीख. अ‍ॅपची गरज बरीच नंतर पडते, तेव्हा त्याची चिंता आत्ताच करू नये.

कल्पना कशी निवडावी

कल्पना जगाला पुरेल एवढी मोठी हवी. भोसरी एमआयडीसीतला एखादा शेठ म्हणाला, ‘प्लेटिंगला दोनशे चाळीस पीस गेले, परत किती आले आणि रिजेक्ट किती झाले, ते मला संध्याकाळपर्यंत कळत नाही,’ तर ती कल्पना नव्हे, ते गाऱ्हाणं झालं. गाऱ्हाण्याला अनुदान नसतं. त्याला ‘एआय-आधारित जॉबवर्क इंटेलिजन्स प्लॅटफॉर्म’ म्हणायचं, म्हणजे ते अनुदानास पात्र होतं.

गाऱ्हाणं तसं खरं असतं, आणि त्याच्या पाठीशी कायदाही असतो. जॉबवर्कला माल पाठवताना डिलिव्हरी चलनाच्या तीन प्रती कराव्या लागतात: एक माल घेणाऱ्याची, एक टेम्पोवाल्याची, एक आपली. पाठवलेला कच्चा माल वर्षभरात परत आला नाही, तर तो पाठवला त्याच दिवशी विकला असं जीएसटी कायदा धरतो आणि कर व्याजासकट मागतो. वर आयटीसी-04 नावाचा फॉर्म आहेच. उलाढाल 5 कोटींच्या वर असेल तर दर सहा महिन्यांनी, नसेल तर वर्षातून एकदा. हा सगळा हिशेब आजही कार्बन घातलेल्या चलनबुकावर आणि एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चालतो. त्या ग्रुपवर ‘माल निघाला’च्या खाली ‘शुभ सकाळ’ असतं आणि त्याच्याही खाली ‘कुठला माल?’

पण नवशिक्याने एवढ्या खोलात जाऊ नये. स्लाइडवर मावत नाही.

बाजारपेठेचा अभ्यास म्हणून मित्रांना एक फॉर्म पाठवावा. ‘असं अ‍ॅप आलं तर वापराल का?’ सगळे ‘हो’ म्हणतात. प्रत्यक्ष शेडवर जायचंच असेल तर गुरुवारी जाऊ नये, एमआयडीसीची सुट्टी गुरुवारी असते. बाणेरहून आलेले सल्लागार हमखास गुरुवारीच येतात आणि ‘प्रतिसाद थंड आहे’ असा शेरा मारून जातात.

अनुदान कसं निवडावं

इथे घाई नको. अ‍ॅपला पंधरा दिवस पुरतात, अनुदान निवडायला दोन दिवाळ्या लागतात.

पहिला मान पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचा. 2008 पासूनची ही योजना सेवा क्षेत्रातला 20 लाखांपर्यंतचा प्रकल्प धरते. सर्वसाधारण गटाला शहरात 15 टक्के, ग्रामीण भागात 25. महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी वगैरे विशेष गटाला शहरात 25 आणि ग्रामीण भागात 35. म्हणजे तीच कल्पना चिंचवडला सुचली तर 15 टक्क्यांची आणि निघोजे गावात सुचली तर 25 टक्क्यांची. मावशी निघोजेत राहत असेल तर कल्पना तिच्या ओसरीवर सुचल्याचं आत्ताच ठरवून टाकावं. आता बारीक अक्षरातलं: सबसिडीची रक्कम तुमच्या हातात येत नाही. ती बँकेत तुमच्या नावाने तीन वर्षं मुदत ठेवीत पडून राहते, धंदा चालू असेल तर मग कर्जात वळती होते. आधी कर्ज, आधी हप्ते, आधी स्वतःचे पाच किंवा दहा टक्के. मामेभावाचे नव्वद टक्के या आकडेमोडीत कुठेच बसत नाहीत. बहुधा त्याने ‘लीन’ योजनेबद्दल ऐकलं असावं. तिथे केंद्र सरकार खरोखर नव्वद टक्के देतं, पण ते कारखान्यातला अपव्यय कमी करायला नेमलेल्या सल्लागाराच्या खर्चापोटी. अ‍ॅपसाठी नाही.

दुसरी, स्टार्टअप इंडिया सीड फंड. 2021 साली 945 कोटींची तरतूद करून चार वर्षांसाठी आखलेली. प्रोटोटाइप आणि चाचणीसाठी 20 लाखांपर्यंत अनुदान. तेही थेट नाही, इन्क्युबेटरमार्फत आणि टप्प्याटप्प्याने. कंपनी दोन वर्षांपेक्षा जुनी नको. अर्ज एका वेळी तीन इन्क्युबेटरांकडे करता येतो. अशा कुठल्याही योजनेचं पान उघडलं की सगळ्यात आधी तिची मुदत संपली की वाढली ते बघावं. पुष्कळ जण अर्जाचा मसुदा पाठ झाल्यावर ते बघतात.

तिसरी, निधी-प्रयास. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची, 10 लाखांपर्यंत. पण त्यांना हातात धरता येईल अशी वस्तू लागते. नुसतं अ‍ॅप घेऊन गेलात तर चहा मिळेल. इथे काही कल्पक मंडळी अ‍ॅपला एक प्लास्टिकचा डबा जोडतात, डब्यात सेन्सर घालतात आणि आयओटी म्हणतात. डब्याचा साचा भोसरीतच होतो, हा एक फायदा.

राज्याची नावीन्यता सोसायटी आहे. तिच्या स्टार्टअप सप्ताहात निवडलेल्यांना सरकारी खात्यांकडून लाखो रुपयांच्या कामाचे आदेश मिळतात. माझ्या मते या सगळ्यांत हेच उजवं. अनुदान नाही, काम. पण ‘काम’ हा शब्द ऐकून नवशिके पुढच्या काउंटरकडे सरकतात.

पंधरा दिवसांत अ‍ॅप

आता ‘एमव्हीपी पंधरा दिवसांत, सवलतीच्या दरात’ अशी पाटी लावलेला व्हेंडर गाठावा. शोधावं लागत नाही, तोच गाठतो. त्याचं कोटेशन असं असतं: मूळ किंमत 10 लाख, नवउद्योजक सवलत 90 टक्के, तुम्हाला फक्त 1 लाख. मूळ किंमत कुणी ठरवली, असं विचारू नये. चांगल्या संबंधांत वितुष्ट येतं.

सोळाव्या दिवशी अ‍ॅप येतं. लॉगोचा रंग तुमचाच. फक्त चलन भरलं की ‘कार्टमध्ये टाका’ असं बटण दिसतं, आणि टेम्पो कुदळवाडीतून निघाला की शेठच्या मोबाईलवर निरोप येतो: ‘तुमचं गरमागरम जेवण वाटेत आहे!’ हा सांगाडा आधी दुसऱ्या कुणासाठी बांधलेला होता हे तुम्ही ओळखलंत, तर नवशिके राहिला नाहीत. पुढचा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल.

पंधरा दिवसांचं गणित व्हेंडरशिवाय आणखी कुणी बिघडवत असेल तर खुद्द प्ले स्टोअर. नवं वैयक्तिक खातं उघडलंत तर अ‍ॅप सर्वांसाठी खुलं करण्याआधी किमान 12 जणांनी सलग 14 दिवस त्याची बंद चाचणी करावी लागते. म्हणजे एका दिवसात अ‍ॅप बांधून चौदा दिवस बारा नातेवाइकांच्या मागे लागणं, हाच खरा पंधरा दिवसांचा आराखडा. ओटीपी पाठवायचा तर एसएमएससाठी डीएलटी नोंदणी लागते. कंपनीची, शीर्षकाची आणि मजकुराच्या साच्याची, तिन्ही वेगवेगळ्या. आयफोनवालं अ‍ॅप हवं असेल तर दर वर्षी 99 डॉलर. पाटीवर यांपैकी काही नसतं, आणि अनुदानाच्या अंदाजपत्रकात हे कोणत्या रकान्यात घालायचं हे ठरवताना सीएलाही दोनदा चष्मा पुसावा लागतो.

प्रात्यक्षिक

शॉपफ्लोअरवर अ‍ॅप दाखवायला ब्लेझर घालून जाऊ नका, कुलंटचे डाग निघत नाहीत.

सुपरवायझर मशीनवरून येतो, चिंधीला हात पुसतो आणि स्क्रीनवर बोट ठेवतो. काही होत नाही. तेलकट बोट स्क्रीनला कळत नाही. तो बोट पँटला पुसून पुन्हा ठेवतो. अ‍ॅप ईमेल आयडी मागतं.

‘सर, ईमेल पोराचा टाकू का?’

टाका म्हणायचं. मग ओटीपी येत नाही, कारण पत्र्याच्या शेडमध्ये रेंज दाराजवळच असते. तो दाराशी जातो, ओटीपी येतो, परत येईपर्यंत ओटीपीची वेळ संपते. तेवढ्यात टेम्पोवाला आत डोकावतो. चाकणला तळेगाव चौकात अडकायच्या आत त्याला निघायचंय. ‘दादा, चलन?’ सुपरवायझर खिशातलं पेन काढतो, चलनबुकात कार्बन सरकवतो, भाग क्रमांक पाठच आहे, ‘240 नग’ लिहितो, सही करतो, टरकन फाडतो. वीसेक सेकंदांचं काम. गुंतवणूकदाराला दाखवायचा व्हिडिओ काढत असाल तर कॅमेरा इथे बंद करावा.

ती वीस सेकंदं हेच तुमच्या प्रतिस्पर्ध्याचं नाव. बाकीचे प्रतिस्पर्धी, स्लाइडवर चौकटीत मांडलेले, ते अमेरिकेतले आहेत आणि त्यांना भोसरी माहीत नाही.

टप्पे

अनुदानाचा दुसरा हप्ता पहिल्या हप्त्याचा हिशेब दिल्यावर मिळतो. मधल्या काळात पगार कोण देणार? बाबा.

एक जुनी पद्धत, केवळ माहितीसाठी

या पट्ट्यात स्टार्टअप हा शब्द येण्याआधीही लोक उद्योग काढत होते. एमआयडीसी 1962 ची. साठच्या दशकात आकुर्डीला बजाज आलं, टेल्को आली, आणि त्यांना सुटे भाग पुरवायला भोसरी-चिंचवडच्या भाड्याच्या शेडांत एकेक लेथ घेऊन माणसं उभी राहिली. त्यांनाही सवलती होत्या, प्लॉट होते, बँकेचं कर्ज होतं. पण नवा भाग बनवायचा तर डाय कुणाच्या पैशाची, हा प्रश्न पहिल्याच बैठकीत निघायचा. आजही निघतो. बरेचदा डायचा खर्च गिऱ्हाईक उचलतं, एकरकमी किंवा प्रत्येक नगाच्या दरात थोडा थोडा फेडून. म्हणजे प्रोटोटाइपचा खर्च ज्याला तो भाग हवाय तोच देतो, आणि देतो म्हणून दर आठवड्याला विचारतोही, ‘झालं का?’ अनुदान देणारा वापराचं प्रमाणपत्र मागतो. सुपरवायझरचं बोट स्क्रीनवर चाललं का, हे तो विचारत नाही.

तीन शेठनी मिळून आगाऊ दिलेले तीस हजार 20 लाखांच्या अनुदानापेक्षा मोठे, असं मी म्हटलं तर इन्क्युबेशन सेंटरच्या मीटिंगमध्ये हसतील. हसू द्या. तीस हजारांत फक्त चलनाचा फोटो काढून ‘गेले किती, आले किती’ एवढंच सांगणारं, ऑफलाइन चालणारं, ईमेल न मागणारं काहीतरी उभं राहतं. ते कुरूप असतं, पण वापरलं जातं.

सही करण्यापूर्वी

तरीही व्हेंडरकडूनच अ‍ॅप बांधून घेणार असाल, तर एवढं मात्र गंमत म्हणून वाचू नका. भारतीय कॉपीराइट कायद्याप्रमाणे बाहेरच्या माणसाकडून लिहून घेतलेल्या कोडचा पहिला मालक, वेगळा लेखी करार नसेल तर, ते लिहिणाराच असतो. तुम्ही पैसे दिलेत, म्हणून ते तुमचं होत नाही. हस्तांतराचा करार केलात पण त्यात मुदत लिहिली नाही, तर ते पाच वर्षांचं धरलं जातं. प्रदेश लिहिला नाही, तर भारतापुरतं. तेव्हा करारात ‘कायमचं’ आणि ‘जगभरासाठी’ हे दोन शब्द घालून घ्या, प्ले स्टोअरचं खातं आणि सर्व्हरचा पासवर्ड स्वतःच्या नावावर ठेवा, आणि शेवटचा हप्ता सोर्स कोड हातात आल्यावरच द्या. आणि उद्यम नोंदणी मोफत आहे. तिच्यासाठी कुणी पाचशे रुपये मागितले तर त्याला मामेभावाचा नंबर द्या.