टेपवाले सर

टेपवाल्या सरांना उद्या जंगलात वाघ दिसला, तरी तो कोणत्या झाडाखाली बसलाय आणि त्या झाडाचा घेर किती, हेच ते आधी बघतील. नांदेडला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात. सुट्टी लागली की गळ्यात टेप अडकवून किनवट-माहूरची बस धरतात. जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे छातीच्या उंचीला, सागाचा घेर घ्यायचा. त्याला ३.१४ ने भागून व्यास, व्यासावरून कोरडं वजन, वजनाचा साधारण ४७ टक्के कार्बन. त्याला ४४ भागिले १२ ने गुणलं, की झाडानं हवेतला किती कार्बन डायऑक्साइड ओढून ठेवलाय ते हाती येतं. हे गणित सर तिकिटाच्या पाठीवर मांडतात आणि कंडक्टरला पटल्याशिवाय उतरत नाहीत.

किनवटकडे मात्र सागाला टेप लावणारा माणूस एक तर लाकूडचोर, नाही तर तपासणीवाला.

"मामा, हा साग कुणाचा?"

"आमचा न्हाई."

"किती वर्षांचा असेल?"

"म्या बघितलाच न्हाई कधी."

झाड मामांच्या अंगणात, आणि फांदीवर मामांचंच धोतर वाळत घातलेलं.

सर भाचीसाठी स्थळ बघायला गेले, तर मुलाचा पगार विचारायचा राहिला. "दरवाजा अस्सल सागवानी आहे, कार्बन अजून आतच आहे," एवढ्यावर स्थळ पसंत. बरोबरच आहे म्हणा. लाकूड जळेपर्यंत किंवा कुजेपर्यंत कार्बन कुठं जातोय? पण घरच्यांना हे कोण सांगणार!

लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्काही नाही, त्यामुळे तिकडचं काम पहिल्या चहाआधीच संपतं. २०१९ साली राज्यात ३३ कोटी झाडांचा धडाका सुरू होता, तेव्हा तिथल्या एका कार्यक्रमाला कुणीतरी सरांना बोलावलं. बॅनर भिंतीएवढा, रोपं गुडघ्याएवढी. सरांनी सवयीनं १.३७ मीटरवर टेप धरली. तिथं झाडच नव्हतं. वहीत लिहिलं, शून्य.

संयोजक कासावीस. "सर, पाहुण्यांना शून्य कसं सांगायचं?"

"आज सांगूच नका. जगवा, मग मोजू. पाणी तेवढं घाला."

"पाणी? सर, २०१६ ला आम्हालाच मिरजेहून रेल्वेनं आणावं लागलं!"

सरांनी वही पुन्हा उघडली आणि इंजिनाला डिझेल किती लागलं ते विचारायला लागले.